उतरायचं ठिकाण
(प्रस्तावना)

खजिनदारकाकांनी आकडा वाचला तेव्हा आधी टाळ्या पडल्या आणि मग सगळे गप्प झाले. प्रभादेवीतल्या आमच्या गल्लीचं मंडळ लहान आहे. वर्गणी दारोदार फिरून, जिने चढून गोळा होते आणि यंदा साधारण किती जमली असेल याचा अंदाज कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला असतो. काकांच्या हातातल्या कागदावरची रक्कम त्या अंदाजाच्या बरोबर दुप्पट होती. मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं, "बाप्पा पावला!" काकांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. पाहणारच. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरलेल्या पावत्या शीटमध्ये आणि शीटमधून डेटाबेसच्या टेबलात नेण्याची सोय मीच लावून दिली होती. फुकट, आणि थोडी मिरवत.

घोटाळा शोधायला पाच मिनिटं लागली, कबूल करायला जरा जास्त. रात्रीचा सिंक ठरल्या वेळी झाला होता. सकाळी मीटिंगच्या आधी मनाची खात्री म्हणून मी हाताने आणखी एक रन मारला. आलेली पावती आधीचीच असू शकते, हे टेबलाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने प्रत्येक ओळ नवी मानली आणि मुकाट्याने खाली लिहून घेतली. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. उलट 'सक्सेस' असा हिरवा शिक्का.

ही पुस्तिका त्या हिरव्या शिक्क्यातून निघाली. त्यानंतर दोन वर्षं रविवारी सकाळी मंडळाच्याच खोलीत आम्ही सात-आठ जण बसत होतो. कोणी सोसायटीचा हिशेब ठेवणारं, कोणी दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी, कोणी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात डिस्पॅचचं बघणारा. कम्प्युटर इंजिनिअर एकही नाही, पण प्रत्येकाच्या कामात कुठून तरी कुठे तरी डेटा जात होता आणि कुठे तरी सांडत होता. त्या रविवारांची टिपणं पुढच्या पानांत आहेत. ती तुकड्या-तुकड्यांनी आहेत, म्हणून त्यामागचा विचार एकदा सलग सांगून टाकावा असं वाटलं. प्रस्तावना लांबली आहे, याची मला कल्पना आहे.

सिंक म्हणजे काय ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. माहिती एका जागी जन्माला येते, तो सोर्स. ती दुसऱ्या जागी हवी असते, ते डेस्टिनेशन. पहिल्या जागी बदल झाला की दुसरीकडेही तो आपोआप पोचावा, ही सोय म्हणजे सिंक. या पुस्तिकेत डेस्टिनेशन एकाच प्रकारचं आहे : रिलेशनल डेटाबेसमधलं टेबल. डेटाबेस पोस्टग्रेस असो, मायएसक्यूएल असो की एसक्यूएल सर्व्हर. माहिती वाहून नेणारी तयार साधनं बाजारात भरपूर आहेत. त्यांच्या पडद्यावर दोन चौकटी आणि मधे एक बाण असतो, आणि माणसं त्या बाणाच्या प्रेमात पडतात. चाळीत वाढलेल्याला ही गंमत ओळखीची वाटेल. नळाला पाणी किती वाजता येणार याचीच सगळी चर्चा. हंड्याला भोक आहे हे पाणी आल्यावर कळतं, आणि तेव्हा मागे रांग लागलेली असते. माझ्या पाहण्यात सिंक बिघडले त्यातले बहुतेक नळामुळे बिघडले नाहीत. हंडा नीट पाहिला नव्हता. टेबल आधी विचार करून मांडलं नव्हतं. ही पुस्तिका हंड्याविषयी आहे.

आपल्याकडे हा विचार काही काल-परवाचा नाही. पेढीवरचा दिवाणजी दिवसाचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, घडले त्या क्रमाने. मग ते खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. कीर्दीत एकाच गिऱ्हाइकाचं नाव दिवसात चारदा येऊ शकतं, यायलाच हवं. खतावणीत त्याचं पान एकच. डेस्टिनेशनचं टेबल मांडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : ही कीर्द आहे की खतावणी? कीर्द असेल तर आलेल्या ओळी खाली जोडत जायचं. त्याला अपेंड म्हणतात. खतावणी असेल तर आधी ओळ शोधायची, सापडली तर दुरुस्त करायची, नसेल तर नवी घालायची. अपडेट आणि इन्सर्ट यांचा सांधा जुळवून याला अपसर्ट असं नाव पडलंय. शब्द कानाला खटकतो, पण आता रुळला आहे. मंडळासाठी मी मांडली होती खतावणी आणि भरली मात्र कीर्दीसारखी.

तिसराही एक मार्ग आहे : टेबल रिकामं करायचं आणि सगळं नव्याने भरायचं. जाणकार लोक याला नाकं मुरडतात. मला विचाराल तर चार-पाच हजार ओळींच्या टेबलाला यासारखी सोपी आणि खरी पद्धत नाही. धोका एवढाच, की रिकामं केल्यावर आणि भरण्याआधी जॉब फेल गेला तर सकाळी नऊ वाजता साहेबांना कोरं टेबल दिसतं. म्हणून दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायची : झाली तर दोन्ही, नाही तर एकही नाही. तिसऱ्या प्रकरणात ते करून दाखवलं आहे.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो, म्हणजे चूक बदलली. या वेळी टेबलाला प्रायमरी की दिली, म्हणजे ओळीची ओळख पटवणारा कॉलम. त्यासाठी निवडला खोली नंबर. एका खोलीची एक वर्गणी, असा माझा हिशेब. गणपतीच्या चौथ्या दिवशी एक गृहस्थ पावती हातात धरून मांडवात आले, मागे वहिनी.

"काका, पाचशे एक दिले, ही बघा पावती. आणि फळ्यावरच्या यादीत नाव फक्त आमच्या धाकट्याचं. मी काय फुकट आरतीला उभा राहतो?"

वहिनी काही बोलल्या नाहीत, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं. दोघे भाऊ एकाच खोलीत राहतात, पण वर्गणी वेगवेगळी देतात. थोरल्यांनी शनिवारी दिली, धाकट्याने सोमवारी. सोमवारच्या सिंकने तो खोली नंबर शोधला, थोरल्यांची ओळ सापडली, आणि तिच्यावरच धाकट्याचं नाव आणि रक्कम लिहून टाकली. काकांनी पावतीपुस्तक काढलं, कार्बन कॉपी दाखवली, दोघांना पेढा दिला, माफी मागितली. ते गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पावतीच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पुस्तक क्रमांक ७, पावती क्रमांक ४३. "हे छापलेलं असतं," ते म्हणाले, "ते काय शोभेला?"

पहिल्या वर्षीची चूक मोठ्याने बोलली होती. दुप्पट रक्कम कोणाच्याही डोळ्यांत भरते. दुसऱ्या वर्षीची चूक काहीच बोलली नाही. ते गृहस्थ स्वाभिमानी नसते तर मंडळाच्या हिशेबातले पाचशे एक रुपये कायमचे गडप झाले असते आणि शिक्का हिरवाच राहिला असता. की नसलेलं टेबल डेटा फुगवतं, चुकीची की असलेलं टेबल डेटा गिळतं. यातलं दुसरं जास्त भयंकर.

की कशी निवडावी, यावर पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण आहे आणि ते सगळ्यात मोठं आहे. त्यातली उदाहरणं मी लांबून आणली नाहीत. आमच्या दोन स्टेशनांच्या परिसरात ती पुरेशी आहेत.

दादर घ्या. पश्चिम रेल्वेचं दादर आणि मध्य रेल्वेचं दादर ही नावाने एक, हिशेबाला दोन स्टेशनं; रेल्वेच्या दप्तरी एकाचा कोड डीडीआर, दुसऱ्याचा डीआर. दोन्हीकडे फलाट क्रमांक एकपासून सुरू व्हायचे. "दादरला तीन नंबरवर भेट" म्हटलं की कोणत्या तीनवर हे विचारावं लागे. म्हणजे फलाट क्रमांक एकटा पुरेसा नव्हता. रेल्वे आणि फलाट हे दोन्ही मिळून ओळख व्हायची. टेबलाच्या भाषेत ही कंपोझिट की, जोडकी. काकांचं पुस्तक क्रमांक आणि पावती क्रमांक तेच. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या बाजूचे फलाट ८ ते १४ असे झाले आणि दादरचा प्रत्येक क्रमांक एकुलता एक झाला. डेटाबेसवाल्याच्या नजरेने पाहिलं तर दादरला युनिक कन्स्ट्रेंट लागला. लोकांना जुना चार म्हणजे आताचा कितवा हे पाठ व्हायला वेळ लागला, तो भाग वेगळा. की बदलण्याची किंमत ती वापरणाऱ्यांनाच मोजावी लागते.

आता आमचंच स्टेशन. १८६७ साली ते सुरू झालं. नाव दिलं एल्फिन्स्टन रोड, १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्यावरून. १९ जुलै २०१८ ला ते प्रभादेवी झालं. स्टेशन जागेवरून इंचभर हललं नाही. पण ज्या टेबलात स्टेशनचं नाव हीच की असेल, त्या टेबलाच्या दृष्टीने त्या रात्री एक स्टेशन बंद पडलं आणि दुसरं जन्माला आलं. जुन्याचा पास नव्याला लागू नाही, जुन्याची विक्री नव्याच्या खात्यावर नाही. नाव ही ओळख नव्हे. नाव हा ओळखीला चिकटवलेला कागद आहे. बरं, नावापेक्षा कोड भरवशाचा म्हणावा, तर छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात 'महाराज' आल्यावर सीएसटीएमचं सीएसएमटी झालं. बीसीटीचं एमएमसीटी झालं ते मुंबई सेंट्रलचं. ज्याला काही अर्थ आहे ते कधी ना कधी बदलतं. म्हणून मुरलेले लोक ओळीला एक निरर्थक क्रमांक देतात, जो कोणी वाचत नाही आणि म्हणून कोणी बदलायला जात नाही.

खोली नंबरचंही तेच. वरळीच्या बीडीडी चाळीतली माणसं १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाऊ लागली; ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. चाळ क्रमांक गेला, मजला गेला, खोली नंबर गेला. कुटुंब तेच. माणसाच्या नावाचं तर विचारूच नका. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे लाखाहून अधिक अर्ज आहेत. आमच्या भागात घरोघरी त्या कागदांच्या पिशव्या आहेत. गिरणीच्या मस्टरवर 'बाबू', रेशनकार्डावर 'बाबुराव', आधारवर इंग्रजी स्पेलिंगमधून उलट मराठीत आलेलं तिसरंच काही. माणूस एक, कागद तीन, आणि तो एकच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर.

रिलेशनल टेबलाची मूळ कल्पना मांडली ती आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी, १९७० सालच्या एका निबंधात. प्रत्येक ओळ तिच्या आतल्या मजकुरावरून ओळखता आली पाहिजे, ती कितव्या क्रमांकावर पडली आहे यावरून नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. शीट वापरणाऱ्याला हे पटकन पटत नाही, कारण शीटमध्ये 'चौदावी ओळ' म्हणजे खरोखरच काहीतरी असतं. टेबलात चौदावी ओळ नसते. सॉर्ट केलेल्या शीटवरून ओळ क्रमांक धरून सिंक लावणारे मी पाहिले आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.

की ठरली की अपसर्टचं वाक्य अगदी लहान असतं. पोस्टग्रेसमध्ये ते 'ऑन कॉन्फ्लिक्ट' या शब्दांनी लिहितात. ही सोय ९.५ या आवृत्तीत, जानेवारी २०१६ मध्ये आली. त्याआधी लोक हेच काम दोन-तीन वाक्यांत, जीव मुठीत धरून करायचे. मायएसक्यूएलमध्ये 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' आहे, इतरत्र 'मर्ज'. शब्द वेगळे, गुण एकच : सिंक एकदा चालवा की दहादा, टेबल तेच राहतं. हे एकदा साधलं की धीर येतो. शेवटच्या रनपासून पुढचंच आणायचं असेल तर बिनधास्त दोन तास मागून सुरू करा. उशिरा पोचलेल्या ओळी हाती लागतील, आणि पुन्हा आलेल्या ओळींनी काही बिघडणार नाही.

पण अपसर्टला स्मृती नसते, हेही लक्षात ठेवायला हवं. नवं नाव आलं की जुनं पुसलं जातं. २९ सप्टेंबर २०१७ ला पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, ती एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर. त्या दिवशीच्या नोंदीत आज 'प्रभादेवी' दिसलं तर ते खोटं नाही, पण खरंही नाही. ती बातमी ज्या नावाने घरोघर पोचली ते नाव टेबलातून गेलेलं असेल. जिथे जुनं नाव टिकायला हवं तिथे ओळ खोडायची नाही. तिला 'पर्यंत' अशी तारीख द्यायची आणि नवी ओळ 'पासून' लावून खाली लिहायची. हे दरवेळी करू नये. टेबल फुगतं आणि साधे प्रश्न अवघड होतात. कुठे करायचं, हे ज्याचा डेटा आहे त्याने ठरवायचं, टूलने नव्हे.

पुसण्यावरून आठवलं. सोर्समधली ओळ कोणी उडवली तर डेस्टिनेशनला ते कसं कळणार? सिंक आणतो तो असलेल्या ओळी. नसलेली ओळ 'मी गेले' असं सांगायला येत नाही. याचंही उत्तर पावतीपुस्तकात आहे. चुकलेली पावती कधी फाडून फेकत नाहीत. तिच्यावर आडवं 'रद्द' लिहितात आणि दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवतात, नाहीतर क्रमांकात भोक पडतं आणि ऑडिटर तिथेच बोट घालतो. टेबलात 'रद्द' नावाचा एक कॉलम ठेवायचा आणि सोर्समध्ये कोणाला डिलीट करूच द्यायचं नाही. सॉफ्ट डिलीट म्हणतात ते हेच.

कॉलमांच्या प्रकारांविषयी पुस्तिकेत भरपूर आहे, इथे फक्त मला स्वतःला भोवलेलं सांगतो. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, मजकूर आहे. मोबाइल नंबर, पिन कोड, खातं क्रमांक, सगळे टेक्स्ट. आमच्या ४०००२५ ची कोणी ४०००२८ शी बेरीज करणार नाही. (पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि वर संस्कृतचे कवी. छंदांची मोजदाद करणाऱ्याला सहा अंकांचं गणित जमणारच, असं मला उगाच वाटतं.) मोबाइलच्या आधी ९१ लावून बारा आकडे झाले की एक्सेल त्याचं '९.१९ई+११' करतं. ते तसंच सीएसव्हीमध्ये सेव्ह झालं तर मूळ नंबर गेला, कोणाच्या बापालाही परत मिळणार नाही. पैशांना मात्र डेसिमल, दोन दशांश. फ्लोट नको, तो पैशाचा हिशेब जवळजवळ बरोबर ठेवतो, आणि जवळजवळ बरोबर हिशेब काकांना चालत नाही.

तारखांचं दुखणं निराळं आहे. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती. आपण लिहितो ०७/०९/२०२४. अमेरिकन सवयीचं साधन तिला ९ जुलै समजतं आणि पुढे जातं. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली. २७/०८ वाचताना तेच साधन अडखळतं, कारण सत्ताविसावा महिना नसतो, आणि एरर देतं. म्हणजे तेरा तारखेपासून पुढे चूक ओरडते, बारा तारखेपर्यंत ती गप्प बसते. चाचणी नेहमी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखेने घ्यावी, एवढं जरी वाचकाने उचललं तरी पुस्तिकेचे पैसे वसूल. वेळेचंही तसंच : अनंत चतुर्दशीच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला फाडलेली पावती जागतिक वेळेत आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सातची असते, कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत. टाइमस्टँप टाइमझोनसकट ठेवा. या शहराला यात बेफिकीर राहायचा हक्क नाही. देशाने १९०६ साली प्रमाणवेळ स्वीकारल्यावरही मुंबई तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत जपून होती.

आणि आपली लिपी. 'प्रभादेवी' या शब्दात अक्षरं किती? शाळेत सांगितलं चार : प्र, भा, दे, वी. युनिकोडला ती नऊ दिसतात, कारण हलन्त, काना, मात्रा, वेलांटी सगळं स्वतंत्र मोजलं जातं. यूटीएफ-८ मध्ये त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे सत्तावीस. ज्या डेटाबेसात कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजली जाते आणि ती कोणी 'वीस पुरे' म्हणून वीस ठेवली, तिथे 'प्रभादेवी' मावत नाही. इंग्रजीतून चाचणी करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. मायएसक्यूएलमधला जुना 'यूटीएफ-८' तीन बाइटांवर थांबतो. मराठी त्यात बसते, पण 'मोरया'पुढे हात जोडलेला इमोजी आला की ओळ अडते, कारण त्याला चार बाइट लागतात. तिथे 'यूटीएफ८एमबी४' हवं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साधा व्हारकॅर धरला तर सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात, एनव्हारकॅर घ्या. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी डोळ्यांना मराठी दिसते, टेबलात गेल्यावर मात्र तिचा पालापाचोळा होतो. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते.

यातला सगळ्यात छुपा चोर म्हणजे ऱ. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. कोणाच्या कीबोर्डवरून थेट ऱ येतो, कोणाच्या र आणि खाली नुक्ता, कोणाच्या र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे, टेबलाच्या लेखी तीन वेगळी कुटुंबं. नाव कीमध्ये घालू नका, असं मी चौथ्यांदा सांगतो आहे, ते यामुळेही.

हे सगळे नियम थेट मुख्य टेबलावर लावले तर दुसरंच संकट उभं राहतं : एक वाकडी ओळ आली की सगळा जॉब फेल. कोकणातल्या घराला पडवी असते. येणारा आधी तिथे टेकतो, पाय धुतो, मग माजघरात जातो. तशी पडवी इथेही ठेवायची. स्टेजिंग टेबल म्हणजे तेच. त्यात सगळे कॉलम टेक्स्ट, अट कसलीही नाही, जे येईल ते उतरू द्यायचं. मग तपासून, तारखा सरळ करून, मोकळ्या जागा छाटून मुख्य टेबलात अपसर्ट करायचं. जे बसलं नाही ते कारणासकट पडवीतच बसवून ठेवायचं. आधी देणगीदाराची ओळ, मग त्याची पावती, हा क्रमही तिथेच सांभाळता येतो, नाहीतर पावती आधी येते आणि फॉरेन की विचारते, "ही कोणाची?"

परवानग्यांचं थोडक्यात. सिंकसाठी वेगळा युजर काढा. त्याला त्या टेबलापुरतं वाचणं, घालणं, दुरुस्त करणं एवढंच ग्रँट करा. टेबल उडवण्याचा अधिकार नको. मांडव घालायला आलेल्याला आपण देव्हाऱ्याच्या दागिन्यांची किल्ली देत नाही. डेटाबेसचं दार फक्त त्या साधनाच्या आयपी पत्त्यापुरतं उघडा आणि पासवर्ड शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवू नका. हसू नका, लिहितात.

आणि ताळा. प्रत्येक सिंकनंतर सोर्समधल्या ओळी किती, डेस्टिनेशनमधल्या किती. इकडची बेरीज किती, तिकडची किती. दोन ओळींची क्वेरी आहे. ती पहिल्या वर्षी लिहिली असती तर दुप्पट आकडा काकांच्या हातात गेलाच नसता. हिरवा शिक्का सांगतो की काम झालं. बरोबर झालं का ते फक्त ताळा सांगतो.

पुस्तिकेत जे नाही तेही सांगतो. दोन्ही बाजूंनी चालणारा सिंक यात नाही. टेबलात दुरुस्ती केली की ती शीटमध्येही जावी, असं वर्गात सगळ्यांना हवं होतं. मी ठाम नाही म्हणालो. एका गोष्टीचे दोन मालक झाले की तंटा लागतो, आणि तो सोडवण्याइतका मी अजून तयार नाही. क्षणोक्षणी चालणारा सिंकही नाही. वर्गणीला रात्रीचा एक रन पुरतो.

उदाहरणांसाठी जुनी पावतीपुस्तकं काकांनी माळ्यावरून काढून दिली. त्यांतली नावं आणि रकमा बदलल्या आहेत, क्रमांकांची रीत मात्र त्यांचीच ठेवली. ते स्वतः शेवटचे सहा रविवार वर्गाला बसले, वही घेऊन.

शेवटच्या प्रकरणातलं स्टेशनांचं टेबल त्याच रविवारांतलं आहे. कॉलम चार : क्रमांक, नाव, जुनं नाव, कधीपासून. प्रभादेवीच्या ओळीत जुनं नाव भरून झालं. पुलापलीकडच्या परळच्या ओळीत काय लिहायचं, यावर गाडी अडली. दवाखान्यातल्या ताईंनी विचारलं, "डॅश टाकू?" डिस्पॅचवाला म्हणाला, एनए. सोसायटीवाल्यांनी नुसती स्पेस दिली. टेबलाच्या दृष्टीने हे तिन्ही म्हणजे खरोखरचं जुनं नाव : परळचं नाव पूर्वी डॅश होतं. आम्ही तिन्ही पुसून चौकट नल ठेवली. काका वहीतून मान वर करून म्हणाले, "म्हणजे जुनं नाव नव्हतंच, की आपल्याला ठाऊक नाही?" नलला हे सांगता येत नाही, त्यासाठी पाचवा कॉलम लागेल. तो घालायचा की नाही यावर खालून वडापाव येईपर्यंत वाद चालला. पुस्तिकेत छापलेल्या टेबलात कॉलम चारच आहेत.